सूक्ष्मदर्शक यंत्र आणि प्रत्यक्ष प्रमाण

हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी आपल्याकडे म्हण आहे. जें डोळ्यांना दिसतें त्याला दुसरा पुरावा नको, हा तिचा भावार्थ. आपल्या नैयायिकांनींही प्रमाणांच्या पंक्तींत प्रत्यक्षाला पहिलें पान मांडलें आणि अनुमानाला त्याच्या मागें बसविलें. परंतु ज्या वस्तु डोळ्यांना मुळींच दिसत नाहींत, आणि ज्या पाहावयाच्या तर यंत्राचा आरसा मध्यें धरावाच लागतो, त्यांच्याविषयीं काय म्हणावें? तेथें आरशांत दिसतें तें कांकण खरें, कीं आरशाच्या कांचेंतला दोषच आपण कांकण म्हणून पाहत आहों, हा प्रश्न उभा राहतो. गेल्या साडेतीनशें वर्षांत सूक्ष्मदर्शक यंत्राची जी अद्भुत प्रगति झाली, तिची हकीकत बहुधा नवनव्या भिंगांची व नवनव्या शोधांची हकीकत म्हणून सांगण्यांत येते. आमच्या मतें तिला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती अधिक बोधप्रद आहे. यंत्राची शक्ति जसजशी वाढत गेली, तसतसें नुसत्या डोळ्याच्या साक्षीचें मोल कमी होत गेलें, आणि त्या साक्षीची उलटतपासणी करण्याच्या नव्या रीति शास्त्रज्ञांना शोधून काढाव्या लागल्या. ही बाजू वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१६६५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचा प्रयोगाध्यक्ष रॉबर्ट हूक यानें 'मायक्रोग्राफिया' नांवाचा मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. बुचाच्या पातळ कापांत त्याला मधाच्या पोळ्यासारखीं लहान लहान घरें दिसलीं. त्यांना त्यानें 'सेल' म्हणजे कोठडी हें नांव दिलें, आणि आज आपण जिला पेशी म्हणतों तिचें इंग्रजी नांव तेथून पुढें रूढ झालें. याच ग्रंथांत ऊ आणि पिसू यांचीं भलीं मोठीं चित्रें आहेत. हे जीव सर्वांच्या परिचयाचे असल्यामुळें त्यांच्या चित्रांवर विश्वास ठेवणें कोणास जड गेलें नाहीं. खरी अडचण उभी राहिली ती अकरा वर्षांनीं. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचा कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहुक हा धातूच्या पट्टींत एकच बारीक भिंग बसवून तें डोळ्याशीं धरी. विद्यापीठाचें शिक्षण त्याला नव्हतें आणि लॅटिनही येत नव्हतें. परंतु भिंगें करण्याची त्याची हातोटी अशी कीं, त्याचीं जीं यंत्रें आज शिल्लक आहेत त्यांपैकीं एक वस्तु सुमारें २७० पट मोठी करून दाखवितें. ९ ऑक्टोबर १६७६ च्या लांबलचक पत्रांत त्यानें रॉयल सोसायटीस कळविलें कीं, पावसाच्या पाण्यांत व मिरीं भिजत घातलेल्या पाण्यांत आपणांस असंख्य सूक्ष्म प्राणी हिंडतांना दिसले.

सोसायटीच्या सभासदांना हें सहजासहजीं पटेना, यांत नवल नाहीं. लेव्हेनहुक आपली पाहण्याची उत्तम रीति कोणास सांगत नसे. तेव्हां त्यानें जो मार्ग धरला तो कोर्टकचेरींतला होता. धर्मोपदेशक आदिकरून आठ प्रतिष्ठित गृहस्थांना त्यानें तें पाणी दाखविलें आणि त्यांचीं लेखी साक्षीपत्रें लंडनला धाडलीं. सोसायटीनें मात्र तेवढ्यावर न थांबतां हूककडून प्रयोग करविला. नोव्हेंबर १६७७ मध्यें आरंभींच्या खटपटींत कांहींच दिसलें नाहीं. हूकनें साधनांत सुधारणा करून पुन्हां यत्न केला, आणि १५ नोव्हेंबरच्या सभेंत सभासदांनीं ते प्राणी आपापल्या डोळ्यांनीं पाहिले. येथें एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. साक्षीदार कितीही अब्रूदार असोत, त्यांच्या शब्दानें ही गोष्ट सिद्ध झाली नाहीं. दुसऱ्या माणसानें, दुसऱ्या यंत्रानें, दुसऱ्या गांवीं तीच वस्तु पाहिली, तेव्हां ती सिद्ध झाली. शब्दाहून पुनःप्रत्यय श्रेष्ठ, हा या शास्त्राचा पहिला धडा होय.

परंतु अनेकांनीं पाहिली म्हणून वस्तु खरी, असेंही म्हणतां येत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं स्नायु, मज्जा, मेंदू इत्यादि शरीरांतील सर्व भाग सारख्या आकाराच्या बारीक गोळ्यांचे बनलेले आहेत, असें मत बळावलें होतें. तें मांडणारे लोक लबाड नव्हते. निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या विद्वानांनीं ते गोळे खरोखरच पाहिले होते. दोष यंत्राचा होता. साध्या भिंगांतून जाणारा प्रकाश एका बिंदूंत नीट मिळत नाहीं, आणि त्यांतले निरनिराळे रंगही निरनिराळ्या अंतरावर एकत्र होतात. त्यामुळें बारीक वस्तूच्या भोंवतीं वलयें उठतात आणि कसलाही कण गोळ्यासारखा दिसूं लागतो. लंडनचा मद्याचा व्यापारी जोसेफ जॅक्सन लिस्टर यानें हौसेखातर या दोषांचा पिच्छा पुरविला. १८२७ सालीं त्यानें डॉक्टर टॉमस हॉजकिन याच्यासह सुधारलेल्या यंत्रानें पाहून कळविलें कीं, ते गोळे शरीरांत नाहींतच. आणि रक्तांतील तांबड्या पेशी या गोल नसून दोन्ही बाजूंनीं खोलगट अशा चकत्या आहेत. पुढें १८३० सालीं भिंगांची जोडणी कशी केली असतां हे दोष कमी होतात, याचे नियम त्यानें प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेंत जंतुनाशक पद्धति आणणारा सुप्रसिद्ध जोसेफ लिस्टर तो याचाच मुलगा. एकाच जातीच्या आरशांत दहा जणांनीं पाहिलें, तर दहांनाही एकच चूक दिसावयाची. म्हणून केवळ साक्षीदारांची संख्या वाढविणें पुरेसें नसून आरशाची जात बदलून पाहावी लागते, हा दुसरा धडा.

जर्मनीचा रॉबर्ट कॉख याला हें मर्म चांगलें उमगलें होतें. हातानें काढलेल्या चित्रांत काढणाराची कल्पना नकळत उतरते, हें ओळखून त्यानें १८७७ सालीं जंतूंचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर करतांना, जंतु दिसला एवढ्यावर त्यानें काम भागविलें नाहीं. रंग देऊन जंतु उठून दाखविला. रोग्याच्या शरीराबाहेर त्याची शुद्ध पैदास केली. आणि ती टोंचून निरोगी जनावरांत तोच रोग उत्पन्न करून दाखविला. डोळ्याच्या साक्षीला अशी हाताच्या साक्षीची जोड मिळाली.

याच जातीचें एक उदाहरण आपल्या देशांतलें आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस हा, हिंवतापाच्या रोग्याचें रक्त प्यालेला डांस फाडून पाहत होता. डांसाच्या पोटाच्या भिंतींत त्याला कांहीं गोल पेशी व त्यांत काळे कण दिसले. त्याच्या यंत्राचे स्क्रू घामानें गंजले होते आणि डोळ्याशीं धरावयाचें शेवटचें भिंग तडकलेलें होतें. अशा यंत्राच्या साक्षीवर कोण विसंबणार? परंतु ते काळे कण रोग्याच्या रक्तांत आढळणाऱ्या परोपजीवी जंतूंतील कणांसारखेच होते. आणि दुसऱ्या दिवशीं फाडलेल्या डांसांत तेच गोळे अधिक मोठे झालेले आढळले. भिंगावरचा डाग एका रात्रींत वाढत नसतो. तरीही रॉसनें तेथें विसावा घेतला नाहीं. १८९८ सालीं कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिंवतापावर प्रयोग करून, डांसाच्या चावण्यानेंच रोग एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो, हें त्यानें सिद्ध केलें. दिसलेल्या वस्तूला कार्यकारणाची कसोटी लावल्यावांचून ती शास्त्रांत जमा होत नाहीं, हा त्यापासून घ्यावयाचा बोध.

या काळांत सूक्ष्मदर्शक यंत्राला जी सुबकता आली ती मुख्यतः जर्मनींतील येना गांवीं. कार्ल झाइस यानें १८४६ सालीं तेथें कारखाना काढला, तेव्हां भिंगें अदमासानें घांसून, जुळतील तीं निवडून घेण्याची वहिवाट होती. १८६६ पासून अर्न्स्ट आबे हा तरुण पदार्थविज्ञानवेत्ता त्याला येऊन मिळाला आणि त्यानें या धंद्याला गणिताचा पाया घातला. त्याच गणितांतून १८७३ सालीं एक अनपेक्षित निर्णय निघाला. प्रकाश ही लहर आहे. त्या लहरीच्या सुमारें निम्म्या लांबीहून जवळ असलेले दोन बिंदु कितीही निर्दोष भिंगांतून पाहिले, तरी ते एकमेकांत मिसळून एकच ठिपका दिसावयाचा. आजच्या मापांत ही मर्यादा सुमारें २०० नॅनोमीटर येते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग; अर्थात् एका मिलिमीटरच्या रेषेवर सुमारें पांच हजारांहून अधिक बिंदु असले, तर प्रकाशाला ते वेगळे करतां यावयाचे नाहींत. बहुतेक विषाणु या मर्यादेच्या पलीकडचे. येना येथें आबेच्या स्मारकाच्या दगडावर हें सूत्र कोरलेलें आहे. भिंगें करून विकणाऱ्या कारखान्यांतल्या माणसानेंच भिंगांची शक्ति कोठें संपते हें जगाला सांगितलें, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. आजवर प्रत्यक्षाची सीमा कारागिराच्या कौशल्यावर अवलंबून होती. आबेनें ती निसर्गाच्या नियमांत दाखवून दिली.

या सीमेपलीकडे जाण्याचा पहिला उपाय म्हणजे प्रकाशच सोडून देणें. इलेक्ट्रॉनलाही लहरीचें रूप आहे, असें लुई द ब्रॉय यानें १९२४ सालीं प्रतिपादन केलें होतें. ती लहर प्रकाशाच्या लहरीच्या लक्षांशाएवढी लहान करतां येते. १९३१ सालीं बर्लिन येथें माक्स क्नोल व अर्न्स्ट रुस्का यांनीं चुंबकांचीं भिंगें करून इलेक्ट्रॉनांचें सूक्ष्मदर्शक यंत्र बनविलें, आणि १९३३ सालीं रुस्कानें प्रकाशाच्या यंत्राला मागें टाकलें. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखालीं सजीव वस्तु जळून कोळसा होईल, अशी शंका त्या वेळीं घेण्यांत आली होती, आणि ती अगदींच निराधार नव्हती. १९३९ सालीं याच यंत्रानें तंबाखूच्या पानांवरील रोगाच्या विषाणूचें चित्र मिळालें. जो पूर्वीं केवळ अनुमानानें माहीत होता तो दृष्टीच्या टप्प्यांत आला. रुस्काला नोबेल पारितोषिक मिळालें तें मात्र १९८६ सालीं.

तथापि हें दर्शन फुकट मिळत नव्हतें. यंत्राच्या आंत निर्वात पोकळी. म्हणून वस्तु सुकवावी लागे, औषधांनीं घट्ट करावी लागे, तिचे अतिशय पातळ काप घ्यावे लागत आणि जड धातूंच्या क्षारांनीं तें रंगवावे लागत. एवढे संस्कार झाल्यावर उरतें तें मूळच्या वस्तूशीं किती इमान राखतें? या प्रश्नाचें उत्तर मेसोसोमच्या प्रकरणानें दिलें. १९५० नंतरच्या दशकांत जंतूंच्या आंतल्या बाजूस आवरणाच्या घड्या घातल्यासारखा एक भाग इलेक्ट्रॉन-यंत्रांत दिसूं लागला. त्याला नांव मिळालें, पाठ्यपुस्तकांत जागा मिळाली. श्वसन, पेशीचें विभाजन अशीं कामेंही त्याच्याकडे सोंपविण्यांत आलीं. पुढें औषधांनीं घट्ट करण्याऐवजीं जंतु एकदम गोठवून पाहण्याची रीति निघाली, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उघड झालें कीं, हा अवयव जंतूच्या शरीरांत नसून औषधाच्या बाटलींतून आलेला आहे. लिस्टरच्या काळीं भिंगानें फसविलें. या वेळीं भिंगापुढें वस्तु ठेवण्याच्या तयारीनें फसविलें, इतकाच फरक.

प्रकाशाच्या यंत्रांत जिवंत पेशी पाहतां येते, आणि हा लाभ इलेक्ट्रॉनांनीं हिरावून घेतला होता. म्हणून आबेच्या सीमेंतून प्रकाशालाच वाट काढून देतां येईल काय, हा विचार पुन्हां पुढें आला. त्याला एका समुद्रप्राण्याचें साह्य झालें. १९६२ सालीं ओसामु शिमोमुरा यानें जेलीफिशच्या अंगांतून हिरवा प्रकाश देणारें एक प्रथिन वेगळें केलें. १९९४ सालीं मार्टिन चॅल्फी यांनीं तें दुसऱ्या जीवांच्या शरीरांत तयार करवून दाखविलें. पेशींतील हव्या त्या भागावर असा दिवा लावतां येऊं लागला. त्याच १९९४ सालीं, फिनलंडांतील तुर्कू येथें काम करणाऱ्या स्टेफान हेल यांनीं आबेच्या नियमांतली एक पळवाट दाखविली. एका किरणानें दिवे पेटवावे आणि त्याभोंवतीं कड्याच्या आकाराच्या दुसऱ्या किरणानें कडेचे दिवे विझवावे, म्हणजे मधला उजळ ठिपका सीमेहून लहान उरतो. २००० सालापर्यंत त्यांनीं हें प्रयोगानें सिद्ध केलें.

दुसरी युक्ति अशी. नदीच्या पैलतीरावर घाटाच्या पायऱ्यांवर शेंकडों पणत्या लावल्या, तर ऐलतीरावरून प्रकाशाचा एकच पट्टा दिसतो. पण त्याच पणत्या एका वेळीं एकदोन अशा लावल्या आणि विझविल्या, तर प्रत्येकीचा अंधुक ठिपका वेगळा दिसेल, त्या ठिपक्याचा मध्यबिंदु कागदावर मांडतां येईल, आणि पुरेशा वेळानें साऱ्या घाटाचा नकाशा हातीं येईल. १९८९ सालीं विल्यम मोर्नर यांनीं एकेकटा रेणु प्रकाशाच्या साह्यानें ओळखून दाखविला होता. २००६ सालीं एरिक बेत्झिग व हॅराल्ड हेस यांनीं या पणत्यांच्या रीतीचें यंत्र उभें केलें, तें कॅलिफोर्नियांत हेस यांच्या घरच्या दिवाणखान्यांत. हेल, बेत्झिग व मोर्नर यांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आबेचा नियम या कोणीं खोटा पाडला नाहीं, हें मुद्दाम सांगावयास पाहिजे. सर्व बिंदु एकाच वेळीं प्रकाशत असतील तर ते वेगळे दिसणार नाहींत, असें तो नियम म्हणतो. या मंडळींनीं ती 'तर'ची अट वाचली आणि तेवढी बदलली. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. जो नकाशा तयार होतो तो कोणत्याही एका क्षणीं कोणाच्याही डोळ्याला दिसलेला नसतो. हजारों ठिपक्यांचे मध्यबिंदु गणितानें काढून तो रचलेला असतो. प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्यामधली भिंत येथें पडली.

ती किती पडली आहे, याची पूर्ण कल्पना गोठविलेल्या वस्तूंच्या इलेक्ट्रॉन-दर्शनावरून येते. पाणी सावकाश गोठलें तर बर्फाचे स्फटिक वस्तूला फाडतात. झाक दुबोशे यांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा इतक्या झपाट्यानें गोठविला कीं, स्फटिक न बनतां त्याची कांच झाली. रेणु तिच्यांत जसेच्या तसे अडकले. इलेक्ट्रॉनांचा मारा बेताचा ठेवावा लागत असल्यानें एकेक चित्र अत्यंत पुसट येतें. म्हणून योआखिम फ्रँक यांनीं एकाच रेणूचीं हजारों पुसट चित्रें जुळवून त्यांची सरासरी काढण्याचें गणित बसविलें. १९९० सालीं रिचर्ड हेंडरसन यांनीं इलेक्ट्रॉनांच्या साह्यानें एका प्रथिनाची रचना अणूंच्या पातळीपर्यंत दाखविली. या तिघांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि २०२० सालीं या रीतीनें एका प्रथिनांतील अणु अलग अलग ओळखण्यापर्यंत मजल गेली. त्याच वर्षीं कोरोनाच्या सांथींत, विषाणूची जनुकीय माहिती जानेवारींत जाहीर झाली आणि त्याच्या कांटेरी प्रथिनाची रचना याच रीतीनें फेब्रुवारींत प्रसिद्ध झाली. लशी व औषधें शोधणाऱ्यांस तिचा किती उपयोग झाला असेल, तें सांगणें नको.

पण सरासरीच्या या गणितांत एक विलक्षण सापळा आहे. हजार चित्रें घ्या; तीं कशाचींच नसोत, त्यांत निव्वळ वेडेवांकडे ठिपके असोत. प्रत्येक चित्र आइन्स्टाइनच्या छायाचित्राशीं जास्तींत जास्त जुळेल असें सरकवा आणि मग सर्वांची सरासरी काढा. जें चित्र हातीं येतें त्यांत आइन्स्टाइन आपल्याकडे पाहत असतो! शून्यांतून तो आला कोठून? अर्थात् जुळवणाऱ्याच्या मनांतून. २०१३ सालीं एका विषाणूच्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध झाली असतां हेंडरसन यांनीं हाच दाखला देऊन आपल्याच क्षेत्रांतील लोकांना जाहीर इशारा दिला. दोरीवर सर्प पाहणाऱ्याचा दृष्टांत आपल्या वेदान्त्यांनीं शतकानुशतकें सांगितला. तो गणिताच्या भाषेंत पुन्हां सांगण्याची पाळी आली. यावर उपायही निघाला आहे. जमलेल्या चित्रांचे आरंभींच दोन गट करावे, प्रत्येकावर स्वतंत्रपणें गणित करावें, आणि दोन्ही निकाल जितके जुळतील तितकेंच खरें मानावें. दोन साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून जबान्या घेण्यासारखाच हा प्रकार आहे. मूळचीं पुसट चित्रेंही सार्वजनिक संग्रहांत ठेवण्याची चाल पडत चालली आहे, म्हणजे संशय आल्यास कोणीही गणित पुन्हां करून पाहावें.

गेल्या कांहीं वर्षांत, विशेषतः २०१८ पासून, शिकविलेलीं गणकयंत्रें अंधुक चित्र पाहून तें स्पष्ट करून देऊं लागलीं आहेत. त्यामुळें जिवंत पेशीवर थोडाच प्रकाश टाकून भागतें, हा लाभ खरा आहे. पण यंत्र जें भरून काढतें तें पूर्वी पाहिलेल्या चित्रांच्या आठवणीवरून. समोरच्या पेशींत खरोखर नवें कांहीं असेल, तर तें जुन्याच ओळखीच्या आकारांत बसवून टाकण्याचा संभव असतो. हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाहीं. आपल्या घरीं रुग्णालयांतून जीं चित्रें येतात, त्यांतलीं सी.टी.चीं व एम.आर.आय.चीं चित्रें गणितानेंच रचलेलीं असतात. तीं पाहून 'चित्रांत दिसलें, आतां काय राहिलें?' असें म्हणणारे लोक आहेत, आणि 'यंत्राचें काय खरें?' म्हणून तीं बाजूस सारणारेही आहेत. आमच्या मतें दोघेही सारखेच चुकतात. चित्र हा पुरावा आहे, निकाल नव्हे. तें दुसऱ्या तपासणीशीं, रोग्याच्या लक्षणांशीं आणि जाणत्या वैद्याच्या विचाराशीं जुळतें कीं नाहीं, हें पाहावेंच लागतें.

२०१४ सालीं मीरत येथें जन्मलेले व अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें असलेले मनु प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनीं जाड कागदाच्या घड्या घालून करावयाचें एक सूक्ष्मदर्शक यंत्र जगापुढें मांडलें. त्याच्या सामानाला एका डॉलरहून कमी खर्च येतो, आणि त्यांत लेव्हेनहुकच्या यंत्राप्रमाणेंच एकच बारीक भिंग असतें. आपल्याकडील शाळांतूनही तें पोंचलें आहे. डबक्यांतल्या पाण्याचा थेंब त्याखालीं ठेवून एखादी मुलगी 'दिसलें!' म्हणून ओरडली, तर आई-बापांनीं तिचें कौतुक अवश्य करावें. मग तिला भिंग पुसावयास सांगावें, दुसरा थेंब घ्यावयास सांगावें, आणि धाकट्या भावाला, काय दिसावयास हवें हें न सांगतां, त्यांतून पाहूं द्यावें. साडेतीनशें वर्षांत मोठमोठ्या विद्वानांना जें थोडें थोडें करून शिकावें लागलें, त्याचा श्रीगणेशा घरच्या ओसरीवर होण्यास कांहींच हरकत नाहीं.